‘मेअर’ या शब्दाचे कूळ कसे शोधावे

कोल्हापूर जिल्ह्यात वडापच्या जीपने हिंडलेल्या माणसाने ‘मार्शल’ हा शब्द कितीतरी वेळा वाचलेला असतो. महिंद्राच्या त्या जुन्या गाडीवर तो लिहिलेला असे, आणि आत दहांच्या जागी पंधरा माणसे कोंबून गाडी गारगोटीकडे किंवा गडहिंग्लजकडे निघे. त्या शब्दाच्या पोटात एक घोडा आहे, हे आतल्या कोणाच्या ध्यानात येण्याचे कारण नव्हते. इंग्रजीत घोडीला ‘मेअर’ म्हणतात आणि ‘मार्शल’मधला पहिला तुकडा हा त्या मेअरचा सख्खा भाऊबंद आहे. हे नाते कशावरून सांगता येते आणि असे नाते शोधायला बसल्यावर कोणते काम कोणत्या क्रमाने करावे, ते येथे या एका शब्दाच्या आधाराने दाखवीत आहे. जर्मन, डच किंवा वेल्श यांपैकी एकही भाषा येत नसली तरी चालेल. चांगला व्युत्पत्तिकोश हाताशी असावा आणि घाई नसावी.

आपल्या भागात हे काम समजावून सांगणे त्यातल्या त्यात सोपे आहे, कारण आपल्याकडे हेळवी येतो. बैल घेऊन दारात आलेला हेळवी जुनी वही उघडून घराण्याच्या पिढ्या वाचू लागला की घरातली म्हातारी माणसेसुद्धा कान देऊन ऐकतात. दोन घरांचे आडनाव पाटील आहे एवढ्यावरून तो त्यांना एका वंशात बसवीत नाही. मूळ गाव कोणते, कुलदैवत कोणते, देवक कोणते, कोणत्या पिढीत कोण कोठून उठून कोठे गेला, हे सगळे जुळले तरच त्याच्या वहीत दोन घरांमध्ये रेघ ओढली जाते. शब्दाच्या बाबतीत आवाजातले सारखेपण म्हणजे नुसते आडनाव होय. मूळ गाव, देवक आणि पिढ्या या गोष्टी वेगळ्या तपासाव्या लागतात, आणि हौशी मंडळींची बहुतेक व्युत्पत्ती नेमकी येथेच फसते.

म्हणून प्रथम एक वही घ्यावी आणि तिच्या पानावर चार रकाने आखावेत: शब्दाचे रूप, भाषा, काळ आणि अर्थ. संगणकावरचा तक्ताही चालेल, पण रूप आणि काळ यांना स्वतंत्र रकाने हवेतच. पहिल्या ओळीत आजचा शब्द लिहावा आणि आपण नक्की कोणत्या शब्दामागे लागलो आहोत हे तेथेच स्पष्ट करून घ्यावे. देवनागरीत काम करणाऱ्याला ही काळजी दुप्पट घ्यावी लागते. घोडी या अर्थाचा ‘मेअर’, शहराचा महापौर या अर्थाचा ‘मेयर’ आणि चंद्रावरच्या काळ्या सपाट प्रदेशांना दिलेले लॅटिन ‘मारे’ हे नाव, या तिघांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. महापौराचा मेयर लॅटिनमधल्या ‘मोठा’ या अर्थाच्या शब्दातून आला आहे आणि चंद्रावरचा मारे म्हणजे लॅटिन समुद्र. त्यातही ब्रिटिश उच्चारात घोडी आणि महापौर बहुधा एकसारखेच ऐकू येतात, तेव्हा नुसत्या कानावर विसंबून चालणार नाही.

दुसरे काम म्हणजे त्याच भाषेत जितके मागे जाता येईल तितके जाणे. परभाषेत उडी मारण्याचा मोह येथे फार होतो, पण आधी घरची कागदपत्रे पाहावीत. साधारण इ. स. ११०० पूर्वीच्या जुन्या इंग्रजीत घोडीसाठी ‘मेरे’ आणि ‘मिएरे’ अशी रूपे मिळतात. त्यांच्या शेजारीच ‘मेअर्ह’ असा पुल्लिंगी शब्द मिळतो आणि त्याचा अर्थ घोडा असा आहे. हा फार मोलाचा दुवा आहे. आजच्या इंग्रजीत घोडीचा शब्द एकटा पडलेला दिसतो, कारण घोड्याला ‘हॉर्स’ म्हणतात आणि ‘हॉर्स’ व ‘मेअर’ यांच्यात काहीच साम्य नाही. हजार वर्षे मागे गेल्यावर कळते की त्यांच्याकडेही आपल्या घोडा-घोडीसारखी जोडी नांदत होती. त्यातला नर पुढे वापरातून गेला, त्याच्या जागी हॉर्स बसला आणि मादी तेवढी उरली. आजच्या ‘मेअर’मधला स्वर त्या गेलेल्या नराच्या रूपावरून आला असावा, असे कोशकार मानतात.

यानंतर भावंडे गोळा करावीत. इंग्रजी ही जर्मानिक कुळातली भाषा असल्यामुळे डच, जर्मन, आइसलँडिक, स्वीडिश आणि डॅनिश या तिच्या बहिणींकडे घोडीसाठी कोणते शब्द होते ते क्रमाने नोंदवावे. डचमध्ये ‘मेरी’ आहे आणि आजही घोडीचा तोच नेहमीचा शब्द आहे. जुन्या उच्च जर्मनमध्ये, म्हणजे आजच्या जर्मनच्या जुन्या अवस्थेत, घोडा ‘मराह’ आणि घोडी ‘मेरिहा’ होती. आइसलँडिक, स्वीडिश व डॅनिश यांची पूर्वज असलेल्या जुन्या नॉर्समध्ये हीच जोडी ‘मार्र’ आणि ‘मेर्र’ अशी आहे. अशी सहा-सात रूपे वहीत एकाखाली एक आली की काही गोष्टी डोळ्यांना आपोआप दिसू लागतात. ‘म’ आणि ‘र’ सगळीकडे टिकले आहेत, ‘र’नंतर काही ठिकाणी ‘ह’ आहे व काही ठिकाणी नाही, आणि नराच्या शब्दात जेथे ‘अ’कडे झुकणारा स्वर आहे तेथे मादीच्या शब्दात ‘ए’कडे झुकणारा आहे. शेवटच्या दोन गोष्टी नीट समजल्या की अर्धे काम झाले, म्हणून त्यांच्यापाशी थोडे थांबू.

‘ह’ कोठे गेला हे कोल्हापूरच्या माणसाला वेगळे शिकवायला नको. आपण लिहिताना ‘नाही’ लिहितो आणि बोलताना ‘नाय’ म्हणतो. ‘पहिला’चा ‘पयला’ होतो. शब्दाच्या मध्ये सापडलेला ‘ह’ दुबळा असतो आणि पहिल्यांदा तोच गळतो. इंग्रजीतल्या घोडीच्या शब्दात, डचमध्ये आणि नॉर्समध्ये तो गळाला, जुन्या उच्च जर्मनने तो नर-मादी दोन्ही शब्दांत राखला, आणि म्हणून या शब्दाचे जुने रूप ठरविताना जर्मनची साक्ष जास्त महत्त्वाची ठरते. साक्षीदार कमी असले तरी ज्याने जास्त जपून ठेवले आहे त्याचे ऐकावे, हा नियम येथून घ्यावा. ‘नाय’ म्हणणारे हजार लोक गोळा केले तरी त्यामुळे मूळ शब्दात ‘ह’ नव्हता असे ठरत नाही.

स्वराचे कोडे याहून गोड आहे. मराठीत ‘घोडा’चे ‘घोडी’ करताना शेवटचा स्वर बदलतो आणि ‘घो’ जागच्या जागी राहतो. जर्मानिक भाषांत स्त्रीलिंगी प्रत्ययात ‘य’सारखा ध्वनी होता. पुढे येणाऱ्या त्या ‘य’साठी जीभ आधीच वर सरकू लागली आणि तिने मागच्या ‘अ’ला आपल्याबरोबर ‘ए’कडे ओढून नेले. पुढे प्रत्यय झिजला, ‘य’ नाहीसा झाला, पण त्याने वळवलेला स्वर तसाच राहिला. इंग्रजीत ‘फॉक्स’ म्हणजे कोल्हा आणि ‘व्हिक्सन’ म्हणजे कोल्ही, या जोडीत जो स्वरबदल दिसतो तो याच कारणाने झालेला आहे. तेव्हा घोडीच्या शब्दात ‘ए’ आणि घोड्याच्या शब्दात ‘अ’ हा फरक नात्याच्या आड येत नाही. उलट, मादीचा शब्द नराच्या शब्दाला प्रत्यय लावून घडला होता याचा तो पुरावा आहे.

आता मूळ रूप मांडता येते. घोडा: *मर्हझ, घोडी: *मर्हियो. या रूपांपुढची तारकाखूण विसरू नये. असे रूप कोणत्याही शिलालेखात किंवा पोथीत सापडलेले नाही, भावंडांवरून ते मागे नेऊन बांधलेले आहे, असा तिचा अर्थ होतो. हेळव्याच्या वहीतले नाव आणि ‘यांचा कोणीतरी एक मूळ पुरुष असलाच पाहिजे’ हा तर्क यांत जो फरक, तोच लिहून मिळालेला शब्द आणि तारकेचा शब्द यांत असतो. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या व्युत्पत्तींमध्ये ही तारका सर्रास गाळलेली असते, आणि ती गाळली की तर्कालाच पुराव्याचा पोशाख चढतो.

जर्मानिक कुळातली वही येथे पुरी झाली. आता ज्या मोठ्या इंडो-युरोपीय घराण्यातले हे एक कूळ, त्याच घराण्यातल्या शेजारच्या कुळांत हा शब्द आहे का ते पाहायचे. लॅटिनमध्ये तो नाही, ग्रीकमध्ये नाही, संस्कृतात नाही. केल्टिक कुळात मात्र आहे, आणि ठळकपणे आहे. वेल्श भाषेत ‘मार्ख’ म्हणजे घोडा. ब्रेटन व कॉर्निश भाषांत त्याचे जुळे शब्द आहेत. जुन्या आयरिशमध्ये ‘मार्क’ म्हणजे घोडा होता आणि आजच्या आयरिशमध्ये ‘मार्काख’ म्हणजे स्वार. याहून जुनी साक्ष एका ग्रीक प्रवाशाची आहे. इ. स. पूर्व २७९ मध्ये केल्टिक भाषा बोलणाऱ्या गॉल टोळ्यांनी ग्रीसमधल्या डेल्फीवर स्वारी केली होती. इ. स. च्या दुसऱ्या शतकात त्या स्वारीची हकिकत लिहिताना पॉसेनिअस सांगतो की त्यांच्या प्रत्येक स्वाराबरोबर घोड्यावर बसणारे दोन सेवक असत. स्वाराचा घोडा पडला तर एक सेवक आपला घोडा त्याला देई. स्वारच मारला गेला तर सेवक त्याच्या जागी लढायला उभा राही. या त्रिकुटाला ते ‘त्रिमार्किसिया’ म्हणत, कारण त्यांच्या भाषेत घोड्याला ‘मार्का’ हा शब्द होता, असे तो पुढे नोंदवतो. आपल्याकडे शिलेदार आणि बारगीर यांच्या हकिकती वाचलेल्यांना हे वर्णन फारसे परके वाटणार नाही. पण त्याचे खरे मोल त्यातल्या ‘क’मध्ये आहे.

केल्टिकमध्ये ‘मार्क’ आणि जर्मानिकमध्ये ‘मर्ह’, अशी ही ‘क’ आणि ‘ह’ यांची जोडी आहे. हा फरक एखाद्याच शब्दात असता तर आपण साशंक राहिलो असतो. पण जर्मानिक भाषांनी फार जुन्या काळी ‘क’ हा ध्वनी जवळजवळ सगळीकडे आधी ‘ख’सारखा घासून आणि नंतर ‘ह’ करून टाकला होता. लॅटिन ‘केंतुम’ म्हणजे शंभर, इंग्रजीत ‘हंड्रेड’. लॅटिन ‘कॉर्नू’ म्हणजे शिंग, इंग्रजीत ‘हॉर्न’. लॅटिन ‘कानिस’ म्हणजे कुत्रा, इंग्रजीत ‘हाउंड’. रास्मुस रास्क या डॅनिश अभ्यासकाने १८१८ मध्ये आणि याकोब ग्रिम याने १८२२ मध्ये या बदलांची मांडणी केली व पुढे तो नियम ग्रिमच्या नावाने ओळखला जाऊ लागला. असे सरसकट बदल आपल्यालाही नवे नाहीत. संस्कृत ‘दधि’चे दही झाले, ‘बधिर’चा बहिरा झाला, ‘गोधूम’चा गहू झाला, ‘ध’चा ‘ह’ होणे ही त्या शब्दांची वैयक्तिक लहर नव्हती, तर ठरावीक जागी सापडलेल्या ‘ध’चे ते बहुतेक ठरलेले भागधेय होते. तेव्हा केल्टिक ‘मार्क’शेजारी जर्मानिक ‘मर्ह’ दिसणे म्हणजे देवक जुळणे होय. दोन्हींच्या मागे *मर्कोस असे रूप मांडतात, अर्थातच तारका लावून.

हत्यार हाताला बसले की ते खोट्या नातेवाइकांवर चालवून पाहावे. माझ्या मते सगळ्यात जास्त शिकायला येथेच मिळते. संस्कृतात ‘मर्य’ असा शब्द आहे. त्याचा मुख्य अर्थ तरुण पुरुष असला तरी ऋग्वेदातल्या एका ठिकाणासाठी कोशात घोडा असाही अर्थ दिलेला आहे. ‘मर्य’ आणि ‘मेअर’, अर्थ घोडा! मीही पूर्वी या जोडीवर भाळलो होतो आणि ती वहीत ठळक अक्षरांत लिहून ठेवली होती. पण नियम लावून पाहा. जर्मानिक शब्दात ‘र’नंतर ‘ह’ आहे, केल्टिकमध्ये ‘क’ आहे, म्हणजे संस्कृतात तेथे ‘क’ किंवा ‘श’ असायला हवा. शंभरला ‘शत’ आणि कुत्र्याला ‘श्वन्’ म्हणतात ते याच हिशेबाने. ‘मर्य’मध्ये दोन्हींपैकी काहीच नाही. आजच्या इंग्रजी शब्दातला ‘ह’ गळून गेला आहे म्हणून ही जोडी जुळल्यासारखी वाटते. दोन्ही शब्दांची जुनी रूपे शेजारी ठेवली की ती उसवते. वहीतली ती ओळ मी खोडली नाही, तिच्यावर नुसती आडवी रेघ मारून ठेवली आहे.

सीमाभागातल्या वाचकाला आणखी एक मोह होण्यासारखा आहे. कन्नडमध्ये जनावराच्या पिल्लाला ‘मरी’ म्हणतात आणि घोड्याला ‘कुदुरे’. तेव्हा ‘कुदुरे मरी’ म्हणजे शिंगरू. निपाणी-संकेश्वरकडच्या कोणालाही ‘मरी’ आणि डच ‘मेरी’ एकत्र ऐकून हसू येईल. पण ‘मरी’ शेळीचीही असते, कुत्र्याचीही असते, त्यात घोडा कोठेच नाही, आणि ‘र’नंतरच्या ध्वनीचा प्रश्न आहेच. जगातल्या भाषा पुष्कळ आणि तोंडातून निघणारे ध्वनी मोजके, त्यामुळे अशा योगायोगांना तोटा नसतो.

सर्वांत फसवा भाऊबंद मात्र इंग्रजीच्याच घरात बसलेला आहे. ‘नाइटमेअर’ म्हणजे भयंकर स्वप्न. रात्रीची घोडी, असा त्याचा अर्थ मी एकदा वर्गात मोठ्या आत्मविश्वासाने सांगितला होता आणि मुलांना तो इतका आवडला की पुढच्या आठवड्यात तो मागे घेताना फार जड गेले. त्या शब्दातला ‘मेअर’ जुन्या इंग्रजीत ‘मॅरे’ असा होता. झोपलेल्याच्या छातीवर बसून त्याचा श्वास कोंडणारी भुताटकी, असा त्याचा अर्थ. त्याच्या भावंडांत कोठेही ‘ह’ची खूण नाही, आणि स्लाव्हिक भाषांत त्याच अर्थाने ‘मोरा’ भेटते, तेथे घोड्याचा मागमूस नाही. दोन निराळे शब्द झिजत झिजत एका आवाजावर येऊन थांबले. आपल्याकडे गळ्यातली ‘माळ’ आणि गावाबाहेरचा ‘माळ’ यांचे असेच आहे. ‘ती माळ’ आणि ‘तो माळ’ या लिंगभेदामुळे आपण फसत नाही इतकेच. डच लोक मात्र फसले: त्यांच्या भाषेतल्या या शब्दाचा शेवट लोकांनी आपल्या घोडीच्या ‘मेरी’वर बेतून घेतला, आणि आज ते दुःस्वप्नाला ‘नाख्टमेरी’ म्हणतात. म्हणजे चुकीची व्युत्पत्तीही शब्दाचे रूप बदलू शकते, आणि अशा वेळी ती चूक हा त्या शब्दाच्या इतिहासाचाच भाग म्हणून नोंदवावी लागते.

आवाजाचा हिशेब संपला की चौथ्या रकान्याकडे, अर्थाकडे वळावे. अर्थाला ध्वनीसारखे कडक नियम नसतात, पण त्याच्या वाटा ओळखीच्या असतात. जर्मनमध्ये आपल्या शब्दाचा वंशज ‘मेऽरे’ आजही आहे, पण तो आता थकलेल्या, हाडे वर आलेल्या मरतुकड्या घोड्यासाठी वापरतात. (त्याच्या स्पेलिंगमध्ये एक ‘ह’ दिसतो. आजच्या उच्चारात तो मूक आहे आणि केवळ स्वर लांबवण्याची खूण म्हणून काम करतो; त्याच्या भरवशावर जुना ‘ह’ सिद्ध करू नये.) चांगल्या घोडीला जर्मन माणूस ‘श्टूटे’ म्हणतो, आणि हा शब्द पूर्वी घोड्यांच्या कळपासाठी होता. कळपाचे नाव एकेका घोडीला मिळाले आणि घोडीचे जुने नाव उकिरड्याकडे ढकलले गेले. आपण ‘तट्टू’ या शब्दाचे काय केले ते आठवले की हे पटते. ‘भाडोत्री तट्टू’ म्हणताना डोळ्यांपुढे जनावर येतच नाही.

एका बाजूने असा उतार, तर दुसऱ्या बाजूने ‘मार्शल’ची चढण. फ्रँक लोकांच्या जर्मानिक बोलीत ‘मर्ह’ म्हणजे घोडा आणि ‘स्काल्क’ म्हणजे सेवक, यांचा समास होऊन घोड्यांची निगा राखणारा नोकर असा अर्थ झाला. आपल्या जुन्या शब्दांत सांगायचे तर मोतद्दार. आठव्या शतकातल्या आलेमानी या जर्मानिक लोकांच्या लॅटिन कायद्यात बारा घोड्यांवर नेमलेल्या ‘मारिस्काल्कुस’ला मारले तर ४० सॉलिडस, म्हणजे सोन्याची नाणी, दंड सांगितला आहे, म्हणजे तोवर तो बऱ्यापैकी मोलाचा नोकर झाला होता. पुढे राजाच्या पागेचा प्रमुख, मग घोडदळाचा प्रमुख आणि अखेर सैन्याचा सर्वोच्च अधिकारी, अशा पायऱ्या चढत तो फील्ड मार्शल झाला. ज्याच्या हाती घोडे त्याच्या हाती लढाई, अशा काळात ही बढती होणे स्वाभाविक होते. फ्रेंचमध्ये मात्र त्याचा गरीब भाऊ अजून जुन्या धंद्यात आहे: तेथे ‘मारेशाल-फेराँ’ म्हणजे नालबंद. पोलीस ‘कॉन्स्टेबल’ हाही मुळात तबेल्याचा प्रमुखच होता, पण तो लॅटिन वाटेने आला आहे आणि त्यात आपला घोडा नाही. विधानसभेत गोंधळ घालणाऱ्या सदस्याला बाहेर नेणारे ते ‘मार्शल’, वडापची जीप तीही ‘मार्शल’; या दोन्हींत ‘मर्ह’ आहे.

‘मार्शल लॉ’ आणि ‘मार्शल आर्ट’ यांत मात्र तो नाही. ते शब्द युद्धाचा रोमन देव मार्स याच्या नावावरून आले आहेत आणि इंग्रजीत त्यांचे स्पेलिंग वेगळे आहे. देवनागरीत दोघांचा पोशाख एक होतो, म्हणून परभाषेतल्या शब्दाचा शोध घेताना त्याचे मूळ लिपीतले रूप पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

येथवर आलेला मराठी वाचक एक रास्त प्रश्न विचारतो: इतक्या दूरच्या भाषांत ‘शत’ आणि ‘श्वन्’ जुळतात, तर ‘अश्व’ कोठे गेला? तो होता. लॅटिन ‘एक्वुस’, ग्रीक ‘हिप्पोस’ आणि संस्कृत ‘अश्व’ यांचे भावंड जुन्या इंग्रजीत ‘एओह’ या रूपात टिकून होते, पण *मर्हझच्या वंशजांनी आणि नंतर हॉर्सने त्याला बाहेर काढले. आपण तरी वेगळे काय केले? अश्वाला स्तोत्रांत आणि शाळेच्या समानार्थी शब्दांत ठेवले आणि रस्त्यावर घोडा आणला. हा घोडा ‘घोटक’ या संस्कृतात उशिरा दिसणाऱ्या शब्दातून आला, आणि घोटकाचे मूळ अनेक अभ्यासक संस्कृताबाहेर शोधतात. घोडीसाठी वैदिक ‘वडवा’ होती, ‘अश्वा’ होती. पेशवाईच्या काळातल्या मराठीत फारसीतून आलेली ‘मादवान’ही होती. रोजच्या कामाच्या जनावराची नावे अशी वरचेवर बदलत राहतात, कारण ते जनावर विकत घेतले जाते, पळवले जाते, परक्या प्रांतातून येते आणि येताना आपले नावही घेऊन येते.

म्हणूनच *मर्कोसच्याही मागे जाण्याचा प्रयत्न झाला आहे. हा शब्द केल्टिक आणि जर्मानिक या दोनच शेजारी कुळांत सापडत असल्यामुळे तो अश्वाइतका जुना वारसा नसावा. एकाने दुसऱ्याकडून घेतला असेल किंवा दोघांनी तिसऱ्याकडून. घेतला असलाच तर ‘क’चा ‘ह’ होण्यापूर्वी घेतला, एवढे नियमावरून ठरते. मंगोलियनमध्ये घोड्याला ‘मोरिन’ म्हणतात, कोरियनमध्ये ‘माल’, आणि चिनी ‘मा’चे जुने रूपही ‘म’ व ‘र’ यांनीच सुरू होत होते, असे मानतात. घोड्यांबरोबर स्टेपमधून, म्हणजे मध्य आशियातल्या गवताळ मैदानांतून, पश्चिमेकडे आलेला हा शब्द असेल, ही कल्पना मोहक आहे आणि काही विद्वानांनी ती मांडलीही आहे. पण पूर्वेकडच्या या शब्दांत ‘क’ नाही, आणि मधल्या प्रवासाचा एकही मुक्काम कोणत्या लेखात सापडत नाही. माझ्या वहीत या शब्दांना पान दिले आहे. त्यांच्यापासून *मर्कोसपर्यंत रेघ मात्र ओढलेली नाही.

एक शेवटची सावधगिरी अर्थाच्या बाबतीत सांगायला हवी. मिरजेला तंबोरा बनवणाऱ्याच्या दुकानात गेलात तर भोपळ्यावरच्या तबलीवर बसवलेल्या ज्या पट्टीवरून तारा जातात तिला कारागीर ‘घोडी’ म्हणतो. बोटाच्या पेराएवढा सुती दोरा तो तार आणि घोडी यांच्यामध्ये सरकवत राहतो आणि कोठेतरी एका क्षणी तार बोलू लागते. त्यालाच जवारी लागली म्हणतात. फ्रेंच माणूस व्हायोलिनच्या अशाच पट्टीला ‘शव्हाले’ म्हणतो, म्हणजे लहान घोडा. दोन्हीकडे ओझे पाठीवर घेऊन उभी असलेली वस्तू पाहून माणसांना घोडाच आठवला. पण कल्पना सारखी असली तरी शब्दांचे नाते लागत नाही, आणि अशी जोडी वहीत वेगळ्या पानावर लिहावी.

सरावासाठी एक जोडी देतो. घोड्यांची पैदास करतात तो ‘स्टड फार्म’, आणि गुजरीतल्या सराफाकडे मिळणारे कानातले ‘स्टड’. आधी इंग्रजीतली जुनी रूपे काढावीत: एकात दीर्घ ‘ओ’ होता आणि दुसऱ्यात ऱ्हस्व ‘उ’, व एकाचा अर्थ कळप होता तर दुसऱ्याचा खांब. मग वर आलेला जर्मन ‘श्टूटे’ या दोहोंपैकी कोणाच्या ओळीत बसतो ते पाहावे, आणि तो दुसऱ्याच्या ओळीत का बसत नाही ते कारणासह त्याच्यासमोर लिहावे.